मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रायझन ५ ५६०० आणि ५६००जी हे प्रोसेसर जवळपास एकाच भावात मिळतायत. घरगुती वापर, फोटोशॉप, थोडं गेमिंग. कुठला घेऊ?

आधी एक सांगा, ग्राफिक्स कार्ड आत्ता घेणार आहात का? सगळं त्यावरच आहे.

घेणार असाल तर डोळे झाकून ५६००. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). नावात फक्त एका 'जी'चा फरक, म्हणून दुकानदार 'एकच आहे हो साहेब' म्हणतो. एकच नाही. ५६००मध्ये एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, जीमध्ये निम्मी, १६. गेममध्ये हा फरक जाणवतो. शिवाय जी पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड जोडायचा मार्ग) ३.० या जुन्या आवृत्तीवरच अडकतो, ५६०० ला ४.० मिळतं.

कार्ड नसेल तर मात्र ५६०० लावून स्क्रीन काळीच राहणार, कारण त्यात ग्राफिक्स नाहीच. मग जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असतं, आणि रॅम ८-८ जीबीची जोडी लावा. एकच १६ ची कांडी लावलीत तर आतलं ग्राफिक्स रडतं. माझ्या भाच्याच्या पीसीत नुसती दुसरी कांडी घातली आणि अडखळणारा गेम खेळण्याजोगा झाला.

भाव विचारताना प्रोसेसर एकटा धरू नका, बोर्ड आणि रॅम धरून बेरीज करा. एएम४ (या दोघांचा सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुना झालाय, पुढच्या पिढीचे प्रोसेसर त्यावर बसत नाहीत, पण डीडीआर४ प्रकारची रॅम चालते. तसली जुनी रॅम घरात असेल तर तेवढे पैसे वाचले.

आणि हो, 'ट्रे' पीस (बॉक्सशिवाय सुटा प्रोसेसर) स्वस्तात देतात, त्यात कूलर नसतो. वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या.