ढोलावर नाचते, मग बहिरी कशी?

"ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्याचंच हे ना?" इंदूरच्या रामबागेतून आलेल्या आईचा पहिलाच प्रश्न. मुलगी दीड वर्षाची, 'बेरा' या ऐकण्याच्या तपासणीत दोन्ही कानांना काहीच ऐकू येत नाही असं निघालेलं. सासूबाईंना ते मान्यच नव्हतं. "अहो, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीत ढोलावर नाचली ती! अकराव्या महिन्यात चालायला लागली. कान बिघडला असता तर तोल नसता गेला?"

आजींची शंका मला आवडली. ऐकणं आणि तोल, दोन्हींची यंत्रणा आतल्या कानातच. तिथल्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, आणि शेजारशेजारच्या तंतूंना शेंड्याजवळ एक धागा जोडतो. धाग्याचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा, खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५चा. आवाजाने किंवा मान वळल्याने तंतू कलले की धागा ताणला जातो, खालच्या टोकाचं दार उघडतं, भारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. ते दार टीएमसी-१ या प्रथिनाचं, आणि हिच्या जनुक तपासणीत दोष नेमका तिथे होता. तोलाच्या भागात जोडीला टीएमसी-२ असतं, ते निभावून नेतं. ऐकण्याच्या शंखासारख्या भागात मात्र ते पुढे टिकत नाही. ढोल पोरीला छातीत आणि तळपायांत जाणवला असणार.

मूल कधी चालायला लागलं हे मी एरवीही विचारतेच. बिघाड धाग्यातच असेल तर अनेकदा तोलही जातो, मूल उशिरा चालतं, पुढे नजरही कमी होऊ शकते.

ग्रहणाचा संबंध नाही. जनुकाची सदोष प्रत गर्भ राहतानाच आली, एक आईकडून, एक बाबांकडून. दोघांकडे दुसरी प्रत चांगली, म्हणून दोघांना नीट ऐकू येतं. दर गरोदरपणात धोका ४ मध्ये १. "एकीला झालं, आता पुढची तिघं सुटली" असा हिशेब लोक करतात. तो चूक.

नवरा या आईचा आतेभाऊ. सासूबाईंनी भावाची लेक सून करून आणलेली. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्याच माहेरचं?"

"असेल. पण पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप आलेलं, तुम्हाला कळणार कसं?" दोष सुनेवरून उचलून सासूवर ठेवायचा नव्हता मला.

मग कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे आतल्या कानात बसवून ऐकण्याच्या नसेला थेट संदेश देणाऱ्या यंत्राबद्दल बोललो. अशा बिघाडात ती नस सहसा शाबूत असते, म्हणून उपयोग चांगला होतो, आणि जितकं लवकर तितकं बरं.

"करू या," आजी म्हणाल्या. "फक्त ऑपरेशन अमावस्येला नको."

अमावस्या टाळूनच तारीख मागितली.