‘ॲन अंडरकरंट ऑफ…’ नेमकं कधी वापरायचं?

‘मीटिंगमध्ये दोघं एकमेकांवर ओरडत होते, देअर वॉज ॲन अंडरकरंट ऑफ अँगर’ असं कुणी लिहिलं, तर वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थाच्या बाबतीत फसतं. अंडरकरंट म्हणजे वर न दिसता आतून वाहणारी भावना; राग चव्हाट्यावर आला की तो अंडरकरंट राहत नाही. तिथे सरळ ‘दे वेअर अँग्री’ म्हणा.

शब्द मूळचा पाण्याचा. वर एक प्रवाह, खाली दुसरा, पुष्कळदा उलट दिशेचा. तुर्कस्तानात इस्तंबूलजवळच्या बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचं पाणी काळ्या समुद्रातून मार्मारा समुद्राकडे वाहतं आणि खालचं जास्त खारट, जड पाणी काळ्या समुद्राकडे. १६७९ च्या सुमारास मार्सिली या इटालियन अभ्यासकाने तिथे वजन बांधलेली दोरी सोडून हे पडताळलं. दोरीला लावलेले बुचाचे तुकडे काही खोलीनंतर उलट्या बाजूला ओढले जात होते.

भावनेचंही तसंच. आधी वरचं पाणी दाखवा, मग खालचं. समजा, बैठक हसतखेळत चाललीय, पण बढतीचा विषय निघाला की तिघं-चौघं एकदम पाण्याचा ग्लास उचलतात. इथे ‘ॲन अंडरकरंट ऑफ रिझेंटमेंट’ चपखल बसतं.

‘ऑफ’च्या पुढे नामच येतं: टेन्शन, फिअर, एक्साइटमेंट. ‘अंडरकरंट ऑफ अँग्री’ नाही चालत. क्रियापद हवं असेल तर ‘रन थ्रू’ छान जमतं. भावना वाईटच असली पाहिजे असंही नाही, तरी जास्त करून नाराजी, भीती, अविश्वास यांच्याच वाट्याला हा शब्द येतो. आणि तो बहुतेकदा वातावरणाचा असतो: घर, कचेरी, सभा, एखादं पत्र. एकट्या माणसाच्या मनातल्या अढीला तो जरा मोठा होतो.

निवडणुकीच्या बातम्यांनी मात्र त्याची पार रया घालवलीय. निकाल लागला की ज्याला त्याला अंडरकरंट आधीच दिसलेला असतो!

मराठीत लिहिताना मी सहसा ‘खदखद’ वापरतो. ‘धुसफूस’ थोडी ऐकू येते, ‘कुरबुर’ तर उघडच कानावर पडते, म्हणून ती इथे नको. फक्त बोलण्याच्या सुरातून काही जाणवत असेल तर इंग्रजीत ‘अंडरटोन’ म्हणा. आतला प्रभाव माणसाला त्याच्या मनाविरुद्ध खेचून नेत असेल, तर ‘अंडरटो’ जास्त नेमका.