राजीनामा लिहिण्याआधी

‘ही नोकरी सुटल्याशिवाय माझ्या हातून लेखन होणार नाही,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. त्यांपैकी एकाची हकिकत, ओळख पटणार नाही अशा बेताने बदलून, येथे देतो.

हे गृहस्थ बँकेत अधिकारी होते. कादंबरीची तीन प्रकरणे लिहून झाली होती, गृहकर्जाचे हप्ते चालू होते आणि राजीनाम्याचा मसुदा मात्र संपूर्ण तयार होता. मी नारायण सुर्व्यांचे नाव काढले. गिरणीत राबलेल्या आणि महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केलेल्या या कवीचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला. ‘सर, ती प्रतिभाच वेगळी,’ असे म्हणून त्यांनी विषय मिटवला.

मग मी प्रतिभा बाजूला ठेवून अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे वेळापत्रक सांगितले. हा माणूस १८३४ मध्ये टपाल खात्यात कारकून म्हणून लागला. पहिली कादंबरी १८४७ मध्ये आली, ती फारशी खपली नाही. पुढे पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे आणि मग कचेरीत जायचे, असा त्याने नेम ठेवला.

‘गेल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत तुमची किती पाने झाली?’ मी विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. ‘एकही नाही,’ ते अखेर म्हणाले, ‘लिहिले आणि ते सामान्य निघाले तर?’

मला हवे होते ते याच वाक्यात होते. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीचा त्याचा समज अधिक छळतो, असे मी मानतो, आणि येथे त्याचा प्रत्यय आला. नोकरी त्यांचा वेळ खात होती हे खरे. पण त्याहून मोठे काम ती करत होती, ते म्हणजे न लिहिलेल्या कादंबरीला परीक्षेपासून वाचवण्याचे. राजीनामा दिला असता तर हे संरक्षण गेले असते आणि पगारही. म्हणून रोज अर्धा तास, मुद्दाम सामान्यच लिहायचे, एवढेच मी त्यांना सांगितले. चौथे प्रकरण त्यातूनच उभे राहिले.

राजीनाम्याला माझा विरोध नाही. ट्रोलपनेही १८६७ मध्ये तो दिला. परंतु साठाव्या वर्षापर्यंत थांबल्यास जेवढे निवृत्तिवेतन मिळाले असते, तेवढे उत्पन्न देणारी शिल्लक जमल्यावरच सोडायचे, हे त्याने पत्नीशी विचारविनिमय करून काही वर्षे आधीच ठरवले होते. हा हिशेब मी प्रत्येकाला जोडीदारासह कागदावर मांडायला लावतो.