गव्हाच्या सेटिंगवर ओट काढताना दाणे मागून का पडतात?

कंबाइन हार्वेस्टर गव्हाच्या सेटिंगवर ठेवून ओट (जई) काढताना तुमच्या तक्रारी दोन आहेत: दाणे भुसकटाबरोबर मागून पडतात आणि टाकीत सोललेला दाणा येतो. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून सगळं एकदम फिरवू नका. एक बदल करा, थोडं चालवा, बघा.

आधी पंखा. 100 लिटर गहू 75-80 किलो भरतो, तेवढेच ओट 50 च्या आसपास. गव्हाला लागणारा वारा ओटला उडवूनच लावतो. मी वारा बराच खाली आणून सुरुवात करतो आणि टाकीतला माल बघत वाढवत नेतो. पण वारा फार कमी केला तरी दाणा मागूनच जातो! चाळणीवर भुसकटाचा थर बसतो, दाणा खाली उतरतच नाही, थरावर बसून बाहेर पडतो. त्यामुळे मागे दाणे दिसले की वारा कमी करायचा, हे दर वेळी खरं नाही. पीक भरात आत जात असताना मशीन मॅन्युअलप्रमाणे थांबवा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि चाळणी बघा. भुसकटाची गादी दिसली तर वारा कमी पडतोय. वरची चाळणी थोडी जास्त उघडी ठेवा, ओटचा दाणा लांबट असतो.

सोललेला दाणा हे ड्रमचं, म्हणजे मळणी करणाऱ्या फिरत्या रोलरचं काम. गव्हाच्या वेगापेक्षा 10-15 टक्के खाली या, कॉन्केव्ह (ड्रमखालची बाकदार जाळी) मोकळं करा, म्हणजे ड्रमपासूनचं अंतर वाढवा. लोंबी रिकामी होईल एवढाच मार पुरे. जास्त मारलं की काडाचाही चुरा होतो आणि तो चाळणीवरच येऊन बसतो. परतीच्या एलिव्हेटरमध्ये (अर्धवट मळलेला माल पुन्हा ड्रमकडे नेणारा) चांगले दाणे दिसले तर खालची चाळणी उघडा, नाहीतर तेच दाणे पुन्हा ड्रमखाली जाऊन सोलतात. ओटमध्ये चरबी जास्त असते. दाणा दुखावला की त्यातलं लायपेज (चरबी फोडणारं एन्झाइम) कामाला लागतं आणि माल खवट होतो. जनावरांना घालायचा असेल तर मी एवढा जीव काढत नाही.

ओलावा 12-14 टक्के असताना काढा. काड दुपारी कडक वाळली की सकाळचं ड्रमचं सेटिंग जास्त पडतं, तेव्हा पुन्हा बघा.

आणि मागचे दाणे मोजण्याआधी उभ्या पिकाखाली किती पडलेत ते बघून घ्या. पिकून उभे राहिलेले ओट आपोआप झडतात, ते मशीनच्या खात्यात धरू नका.