गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात चार तासांचा विमानप्रवास आहे, त्रास कमी व्हावा म्हणून काय करू?

सर्वात आधी सीट. खिडकीचा मोह सोडा आणि मधल्या वाटेलगतची सीट घ्या. लघवीला वारंवार उठावं लागणारच, आणि दर वेळी शेजाऱ्याला उठवायचा संकोच वाटला की आपण पाणी कमी पितो. तसं अजिबात करू नका. केबिनची हवा फार कोरडी असते, त्यामुळे घोट घोट पाणी पीत राहा.

गरोदरपणात रक्त गोठण्याची शक्यता वाढलेली असते, त्यात तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं वाईट. तासाभराने दोन फेऱ्या मारा, बसल्या बसल्या घोटे गोल फिरवा. पायांना घट्ट बसणारे कॉम्प्रेशन मोजे डॉक्टरांना विचारून घालता येतात. सीटबेल्ट मात्र पोटावरून नको, पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला बांधा.

उंचीवर पोटातला वायू फुगतो, म्हणून सोडा, कोल्ड्रिंक आदल्या दिवसापासूनच टाळा. कमरेमागे छोटी उशी हवीच!

निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवा. बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, तेव्हा परतीची तारीखही मोजून बघा. रक्तस्राव, पोटात कळा किंवा एकाच पायाला सूज असेल तर प्रवास थांबवा, तिकिटाचा विचार करू नका.