नगण्य म्हणजे शून्य नव्हे

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलीने 'न्यूट्रिनोचे वस्तुमान अगण्य' लिहिलं (न्यूट्रिनो म्हणजे अणूहूनही लहान, विद्युतभार नसलेला कण). 'नगण्य' हवं ना, की सरळ 'शून्य' लिहायचं?

शून्य अजिबात नको! या समजुतीचा मला जुना वैताग आहे. कापूस घातला तेव्हा व्यापारी म्हणाला, "क्विंटलमागे दोन किलो कट्टी, काका, नगण्य आहे." वीस क्विंटलला चाळीस किलो गेले. नगण्य म्हणजे मोजणीत न धरलेलं. असतं ते असतंच.

न्यूट्रिनोचं हेच झालं. वर्षानुवर्षं त्याचं वस्तुमान शून्य धरत. १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत प्रयोगात दिसलं की तो वाटेत वाण बदलतो (त्याचे वाण तीन), आणि वस्तुमानाशिवाय ते जमत नाही. मात्र त्यातून तिन्ही वस्तुमानांच्या वर्गांतले (गणितातला वर्ग, स्क्वेअर) फरकच कळतात. त्यावरून एकाचं तरी निदान ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास असणार. जर्मनीतल्या कात्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये वरची मर्यादा ०.४५ वर आणली. शेजारी इलेक्ट्रॉन ठेवा: ५,११,०००!

'अगण्य' शोभतं ते संख्येला. नखाएवढ्या जागेतून सूर्याचे सहा हजार कोटींवर न्यूट्रिनो दर सेकंदाला आरपार जातात.

आता खरी गंमत. सोवळे पंडित 'नगण्य'लाच अशुद्ध ठरवतात; व्यंजनापूर्वी नकारार्थी 'न'चा 'अ' होतो म्हणे. मग नपुंसक, नख, नकुल? पाणिनीने त्यांना सूट दिलीय. 'नगण्य' त्या यादीत नाही, ठाऊक आहे. पण भाषेला दोन अर्थांसाठी दोन शब्द हवे होते, तिने केले. पंडितांनी एकावर भागवून दाखवावं.

आणि हाच 'न' न्यूट्रिनोच्या पोटात बसलाय! लॅटिन 'ने-उतेर', दोहोंपैकी कुठलाच नाही; आपलं नपुंसकच की. 'उतेर' हा संस्कृत 'कतर'चा (दोहोंपैकी कोणता) चुलतभाऊ, 'ने' म्हणजे आपला 'न', अहिराणीत 'नही' म्हणताना येतो तोच. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० साली या कणाला न्यूट्रॉन म्हटलं होतं. १९३२ मध्ये दुसरा भौतिकशास्त्रज्ञ चॅडविक याला विद्युतभार नसलेलाच, पण जड कण सापडला आणि ते नाव त्याच्याकडे गेलं. न्यूट्रॉन इटालियनमध्ये 'नेउत्रोने', आणि इटालियन कानाला '-ओने' म्हणजे थोरलं, '-इनो' म्हणजे धाकलं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ फर्मीच्या मंडळींनी सुऱ्याची सुरी केली.

हां, तक्ता. 'नगण्य' लिहा, आणि पुढे '०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी' हेही.