अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर माल विकतो, जीएसटी रिटर्न एआय एजंटकडून आपोआप भरून घेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तिन्हीकडे कुर्त्या विकता, दर महिन्याला रिपोर्ट डाउनलोड करून एक्सेल जुळवण्यातच जीव जातो, तर जीएसटी पोर्टलचं लॉगिन एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतःच पायरी-पायरीने करणाऱ्या सॉफ्टवेअरला) देऊन मोकळं होता येईल का. मी इचलकरंजीत ऑनलाइन सेलर लोकांचीच जीएसटीची कामं बघतो आणि या कामाला एजंट वापरतो, त्यामुळे सरळ सांगतो, रिटर्न तयार करायला बिनधास्त द्या, पण फाइल करायचं बटण आणि ओटीपी तुमच्याच हातात ठेवा.

तयार करण्यात तो खरंच कामाचा आहे. तिन्ही रिपोर्टचे साचे वेगळे, कुठे राज्याचं नाव तर कुठे कोड, कुठे परत आलेला माल वेगळ्याच फाइलमध्ये, हे सगळं एका शीटमध्ये आणणं, राज्यवार-रेटवार बेरजा, एचएसएनचं (मालाच्या प्रकाराच्या कोडचं) टेबल, जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या टेबल १४ मध्ये प्लॅटफॉर्मच्या जीएसटी नंबरप्रमाणे आकडे, हे तो छान करतो. फक्त बेरीज-वजाबाकी त्याला चॅटमध्ये करायला लावू नका, एकदा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहून घ्या आणि दर महिन्याला तीच चालवा, म्हणजे आकडा कुठून आला ते दाखवता येतं.

त्याला काय द्यायचं हे फार महत्त्वाचं आहे. बँक स्टेटमेंट दिलंत तर जमा झालेली रक्कम म्हणजेच विक्री असं तो धरू शकतो, पण त्यातून कमिशन, शिपिंग, टीसीएस (प्लॅटफॉर्म विक्रीवर कापून सरकारकडे भरतो तो टॅक्स) सगळं आधीच कापलेलं असतं. विक्री कायम प्लॅटफॉर्मच्या टॅक्स रिपोर्टवरूनच घ्यायची. आणि कमिशनवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट (तुमच्या टॅक्समधून वजा होणारी रक्कम) २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत दिसतंय का ते त्याच्याकडून जुळवून घ्या, २बी १४ तारखेला येतं.

सगळ्यात जास्त घोळ परत आलेल्या मालात होतो. समजा सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात टॅक्स सोडून १,८०० रुपयांची कुर्ती विकली, तेव्हा हजाराच्या वर १२ टक्के होते, म्हणजे टॅक्स २१६ रुपये. २२ सप्टेंबरपासून २,५०० पर्यंत ५ टक्के झाले आणि कुर्ती ऑक्टोबरमध्ये परत आली. आता क्रेडिट नोट (विक्री मागे घेतल्याचं उलटं बिल) मूळ बिलाच्याच रेटने, २१६ रुपयांचीच निघणार, पण एजंटला नुसतं आजचं रेट कार्ड दिलंय तर तो ९० रुपये धरेल आणि एका पीसमागे तुमचे १२६ रुपये गेले. शिवाय १२ टक्क्यांच्या ओळीत नवीन विक्री नसल्याने आकडा उणे येतो, एजंट ती ओळ चुकीची समजून काढून टाकतो. म्हणून त्याला लिहूनच द्या की रेट मूळ बिलाच्या तारखेचा आणि उणे ओळ काढायची नाही.

टीसीएस पण विसरू नका. १० जुलै २०२४ पासून ते १ टक्क्याचं अर्धा टक्का झालंय, म्हणजे ४ लाखांच्या निव्वळ विक्रीवर २,००० रुपये. पोर्टलवर जाऊन ते अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) येत नाहीत, कित्येक सेलरचे पैसे तसेच पडून असतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण छोट्या धंद्याला ही रक्कम छोटी नाही. एजंटला दर महिन्याला प्लॅटफॉर्मच्या आकड्याशी टीसीएस ताडून बघायला सांगा, फरक दिसला तर आधी तो सोडवा.

आता बटण का द्यायचं नाही. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ गेलं की त्यातला टॅक्स ३बी मध्ये (टॅक्स भरायच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये) आपोआप येतो आणि जुलै २०२५ च्या रिटर्नपासून तो तिथे हाताने बदलता येत नाही, चूक सुधारायची तर ३बी भरायच्या आधी १ए (जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीचा फॉर्म), तेही त्या महिन्यासाठी एकदाच. ३बी ची तारीख २०, उशीर झाला तर रोज ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या टॅक्सवर १८ टक्के व्याज. नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येणार, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या नाही. आणि ओटीपी तुमच्या मेलवरही येतो, म्हणून ब्राउझर चालवणाऱ्या एजंटला तो मेल उघडून देणं म्हणजे घराच्या किल्लीबरोबर तिजोरीचीही किल्ली देण्यासारखं आहे, कुणी मेलमध्ये लपवून सूचना पाठवली तर तो ती पाळूही शकतो. पोर्टलशी थेट जोडायचंच असेल तर जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत (पोर्टलशी जोडून देणाऱ्या अधिकृत कंपनीमार्फत) चालणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर जेसन (JSON, पोर्टलला वाचता येते अशी) फाइल तयार करून घेऊन स्वतः अपलोड करा, पाच मिनिटांचं काम आहे.

सुरुवात मागच्या भरलेल्या महिन्यापासून करा. तेच रिपोर्ट एजंटला द्या, तुमचं भरलेलं रिटर्न दाखवू नका, आणि त्याचे आकडे राज्यवार तुमच्या रिटर्नशी लावून बघा. फरक आला तर पहिल्यांदा परत आलेल्या मालाची शीट उघडा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.